जाळ्याचं दुसरं टोक

चाकणहून तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वजनकाट्याला लागून मन्सूर शिकलगार यांचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. पत्र्याची शेड, ग्रीस पिऊन काळी झालेली जमीन आणि पुढे एक बाकडं. त्या बाकड्यावर मी बरेच रविवार काढलेत. मी मूळचा कळंब तालुक्यातला. इकडे प्रेसशॉपला ऑपरेटर म्हणून लागलो तेव्हा एक जुनी मोटरसायकल घेतली होती. ती महिन्यातून दोनदा बंद पडायची, त्यातून मन्सूरभाईंची ओळख झाली.

पन्नाशी ओलांडलेला, काटकुळा, मोजकं बोलणारा माणूस. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. "टायमिंग चेन," म्हणायचे. उघडून बघावं तर टायमिंग चेनच गेलेली असायची.

जीव मात्र त्यांचा जुनूत गुंतलेला. जुनू म्हणजे त्यांची कुत्री. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, लोंबते कान, फासळ्या मोजाव्यात असं सडपातळ अंग. देहूरोडच्या एका कर्नलसाहेबांची बदली झाली तेव्हा जाता जाता त्यांनी हे पिल्लू मन्सूरभाईंच्या हवाली केलं. साहेबांनी ठेवलेलं नाव जुनो. मन्सूरभाईंच्या आई खातूनबी, त्यांनी तिची जुनू करून टाकली. जात पॉइंटर. गवतात पक्षी कुठे दडलाय ते वासावरून हेरायचं आणि धन्याला दाखवायचं, हेच त्या जातीचं काम. मन्सूरभाईंचे आजोबा देहूरोडच्या छावणीत इंग्रज साहेबांची असली कुत्री सांभाळायचे. ती विद्या तीन पिढ्या घरात टिकून होती.

खातूनबी कुत्रीला उंबऱ्याच्या आत येऊ द्यायच्या नाहीत. "शिकारीचं कुत्रं पाळायला मनाई नाही," म्हणायच्या, "पण त्याची जागा अंगणात." तरी रोज संध्याकाळी भाकरी कुस्करून तिच्या ताटलीत घालायच्या त्या स्वतःच.

"नवनाथ, रविवारी सकाळी मोकळा आहेस का?" एकदा मन्सूरभाईंनी मला विचारलं. "जाळ्याचं एक टोक धरायला माणूस पाहिजे. मेहुणा यायचा, तो आता नाशिकला गेला."

कसलं जाळं हे मला ठाऊक नव्हतं. गेलो.

एमआयडीसीच्या शेवटच्या प्लॉटचं तारेचं कुंपण संपलं की पुढे थेट डोंगराच्या पायथ्यापर्यंत माळ आहे. मार्गशीर्ष लागला होता. गुडघाभर गवत पिवळं पडलेलं, त्यावर दव. मन्सूरभाईंनी जुनूचा पट्टा सोडला. ती वाऱ्याच्या तोंडाला नाक धरून नागमोडी पळत सुटली, आणि एका जागी अशी थांबली की मला वाटलं तिला काहीतरी चावलं. पुढचा उजवा पाय उचललेला, शेपूट काठीसारखी सरळ, सगळं अंग ताणलेलं. हलेना.

"ठाण मांडलं," मन्सूरभाई हळूच म्हणाले. "आता बोलू नकोस."

त्यांनी खांद्यावरचं जाळं उलगडलं. बारीक दोऱ्याचं, पंधरा-सोळा हात लांब, त्यांच्या वडिलांनी विणलेलं. एक टोक माझ्याकडे दिलं. आम्ही दोघं दोन बाजूंनी, मागून हळूहळू चालत गेलो आणि ते जाळं जुनूच्या अंगावरून तिच्या पुढच्या गवतावर पसरलं. ती तरीही हलली नाही. मन्सूरभाईंनी जीभ टाळ्याला लावून टक् केलं. गवतातून फर्रकन दोन लावे उसळले आणि जाळ्यात अडकले.

त्यांच्या घरी बंदूक कधीच नव्हती. जाळ्यात पाखरू जिवंत हाती येतं आणि हलाल करता येतं. मेलेलं पाखरू ते हातात घेत नसत. पावसाळ्यात, अंड्यांच्या दिवसांत माळावर पाऊल टाकायचं नाही, आणि एका रविवारी चारांच्या वर पाखरं धरायची नाहीत, हा त्यांच्या बापानं घालून दिलेला नेम. पण नेम कितीही पाळला तरी तितर-लावे धरणं हा कायद्यानं गुन्हा आहे. त्यांना ते ठाऊक होतं, मलाही होतं. "सापडलो तर दोघं आत जाऊ," असं आम्ही हसत म्हणायचो. असे तीन हिवाळे गेले.

चौथ्या हिवाळ्यातल्या पहिल्याच रविवारी काहीतरी वेगळं आहे हे मला गाडीवरून उतरताच जाणवलं. काय ते कळेना. मन्सूरभाई कुंपणापाशी उभं राहून कान देत होते.

"तितर बोलत नाहीत," ते म्हणाले.

खरंच. एरवी सूर्य वर यायच्या वेळी माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तितरांची हाळी चालू असायची. त्या दिवशी मागच्या कंपनीच्या कंप्रेसरची घरघर तेवढी ऐकू येत होती.

जुनू सुटली. थोड्या वेळानं तिनं ठाण मांडलं, पण शेपूट नेहमीसारखी ताठ नव्हती, थरथरत होती. आम्ही जाळं टाकलं. मन्सूरभाईंनी टक् केलं. काहीच उडालं नाही. पुन्हा केलं. मग त्यांनी वाकून गवत बाजूला सारलं.

तितर बसला होता. जिवंत होता. मान एका बाजूला पिळल्यासारखी वळलेली, चोच उघडी, एक डोळा पांढुरका. माणसाचा हात इतका जवळ येऊनही तो जागचा हलला नाही. आम्ही बघत असतानाच त्याचे पंख एकदा फडफडले आणि थांबले.

"आण," मन्सूरभाई जुनूला म्हणाले. जाळ्यातून निसटलेलं जखमी पाखरू ती नेहमी तोंडात धरून आणायची. त्या दिवशी ती मागे सरकली आणि बसून राहिली.

त्या सकाळी तिनं आम्हाला पाच ठिकाणी नेलं. पाचही ठिकाणी मेलेली पाखरं. एका जागी भटतितरांची जोडी एकमेकांना चिकटून पडलेली. मुंग्यासुद्धा लागलेल्या नव्हत्या.

जुनूच्या मागे मागे आम्ही उताराच्या खाली दत्तोबांच्या जुन्या दगडखाणीपाशी पोचलो. दत्तोबा आणि कौशल्याबाई हे वाडीतलं म्हातारं जोडपं. त्यांची दहा-बारा शेरडं याच माळावर चरायची. खाण बंद पडून पंधरा वर्षं झाली होती, तिच्यात पावसाचं पाणी साठायचं. आता कड्याला टेकवलेली निळी पिंपं होती, मुरुमाचा नवा रस्ता थेट खाणीच्या काठापर्यंत आला होता आणि खालच्या पाण्यावर पिवळट साय धरली होती. सडक्या अंड्यासारखा वास येत होता. मी नाकाला रुमाल लावला. आम्ही वर बोलत होतो तोवर जुनू एका ओघळाचं पाणी लपलप पिऊन आली होती.

दुपारपर्यंत तिच्या तोंडाला फेस आला.

मन्सूरभाईंनी तिला माझ्या मांडीवर दिलं, आणि आम्ही गाडीवरून पिंपळे सौदागरला गेलो. तिथे मोठ्या सोसायट्यांमधल्या कुत्र्यामांजरांचा दवाखाना आहे. डॉक्टर उत्कर्षा नावाच्या तरुण बाई. त्यांनी जुनूचे डोळे बघितले, नाक बघितलं, सलाईन लावलं.

"काय खाल्लंय हिनं?"

"गॅरेजात ऑईल सांडलं होतं," मन्सूरभाई म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "ऑईलनं नाकाची आतली कातडी अशी जळत नाही. मला खरं सांगितलं नाही तर मी औषध अंदाजानं देणार. चालेल?"

मन्सूरभाईंनी जुनूच्या पाठीवरचा हात काढला नाही. मग खाण, पिंपं, पाणी, तो वास, सगळं सांगितलं. माळावर कशासाठी गेलो होतो ते सोडून.

"याची तक्रार करा," त्या म्हणाल्या. "आजच. तिथे वस्ती आहे ना? कुणीतरी कधीतरी खाली उतरेल. सडक्या अंड्याचा वास म्हणजे विषारी वायू. तो वास सुरुवातीला येतो, मग नाक मरतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं गेला वायू. तिथेच तो बसतो आणि उठत नाही."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "करायची का तक्रार?"

"पहिला प्रश्न काय विचारतील? तू तिथे काय करत होतास." मन्सूरभाई गाडीला टेकून उभे होते. "मी शिकलगार मन्सूर, हातात जाळं. पुढचं कुणी ऐकून घेईल का?"

 खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

तरी ते गप्प बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी वाडीवर जाऊन कौशल्याबाईंना म्हणाले, "मावशी, शेरडं खाणीकडे सोडू नका. ते पाणी वाईट आहे. माझी कुत्री आजारी पडली."

कौशल्याबाईंनी हात पुढे केले. बोटांची सालं निघालेली. "व्हय रे, हिरीचं पानी बी उतरल्यावानी लागतंय. दोन शेरड्या गाभडल्या. ह्यांना म्हनलं, तर म्हनत्यात थंडीनं."

दत्तोबा ओट्यावर बसून ऐकत होते. ती खाण त्यांनीच दौलतराव नावाच्या माणसाला भाड्यानं दिली होती. दौलतराव कंपन्यांतलं टाकाऊ उचलायचे ठेके घ्यायचे. माती आणि राडारोडा टाकणार, खाण बुजली की वर शेड बांधून देणार, असं त्यांनी दत्तोबांना सांगितलं होतं.

"कुत्र्याच्या आजारानं माझी खान बंद करायला आला का?" दत्तोबा म्हणाले. "आमी काय येडं न्हाई. दौलतरावांनी सवता सांगितलंय, त्यात काय बी न्हाई म्हनून."

ही गोष्ट दौलतरावांपर्यंत पोचायला तीन दिवस लागले. मी बाकड्यावर बसलो होतो. पांढरी मोठी गाडी गॅरेजसमोर थांबली. दौलतराव उतरले. पांढरा कडक शर्ट, गळ्यात तुळशीची माळ, चेहऱ्यावर हसू. त्यांनी आधी जुनूला बघितलं. ती शेडच्या सावलीत पोतं टाकून पडली होती.

"काय मन्सूरभाई, कुत्री बरी आहे का आता?"

"आहे."

"छान जनावर आहे. असं कुत्रं या भागात दुसरं नाही म्हणतात." त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "आणि जाळंही छान आहे म्हणे तुमचं. वडिलोपार्जित."

त्यांनी मोबाइल मन्सूरभाईंच्या डोळ्यांसमोर धरला. मन्सूरभाईंच्या हातातला पाना तसाच राहिला.

"खाणीवर आमचा माणूस असतो. त्याला फोटो काढायचा नाद आहे," दौलतराव म्हणाले. "आता मी काही तसला माणूस नाही. माळ सगळ्यांचा आहे. तुम्ही तुमचं बघा, आम्ही आमचं बघतो. पण कुणी वाडीवर जाऊन म्हाताऱ्या माणसांना घाबरवायला लागलं, तर मग मलाही वनखात्यात ओळखी आहेत. आईची तब्येत कशी आहे? वय झालं ना त्यांचं. जपा."

आणि खांद्यावर हात ठेवून गेले.

"फोटोत काय आहे?" मी विचारलं.

"मी आहे. जाळं आहे. तू दिसत नाहीस." मन्सूरभाईंनी पाना खाली ठेवला. "तू घरी जा."

त्यानंतर वीस-बावीस दिवस काहीच झालं नाही. जुनू उठून फिरायला लागली, खायला लागली. पण खातूनबींनी ताटलीत भाकरी घातली की ती ताटली शोधत बसायची. पायाला लागली की मग तोंड घालायची. नाकाची जळलेली कातडी भरून आली नव्हती, तिला वासच येत नव्हता. मन्सूरभाई तिच्याकडे बघत बसायचे. गिऱ्हाईक दोनदा हाक मारायचं तेव्हा उठायचे. मी माळाचा विषय काढला तर म्हणायचे, "खाणीवर येणारे टँकर मोजले मी. रविवारी दुपारी येतात, बहुतेक कंपन्या बंद असतात तेव्हा. गेल्या रविवारी सहा." म्हणजे ते जाऊन बघत होते. बघत होते आणि परत येऊन गप्प बसत होते. मीही.

मग एका मंगळवारी माझी सेकंड शिफ्ट होती. दुपारी बाराच्या सुमारास मी गॅरेजात होतो तेव्हा मन्सूरभाईंचा फोन वाजला. कौशल्याबाईंचा आवाज मला दोन हातांवरून ऐकू आला.

"मन्सूर, शेरडी खानीत पडली आन् हे खाली गेलं. हाक मारतीया, बोलंनात."

मन्सूरभाईंनी फोन कानाला असतानाच गाडीला किक मारली. मी मागे बसलो. माळावरून ती गाडी कशी पळवली ते आठवलं तरी अंगावर काटा येतो. रस्त्यातच त्यांनी मला फायर ब्रिगेडला फोन लावायला लावला.

खाणीच्या काठावर वाडीतली चार-पाच माणसं जमली होती. खाली उतरायची जी पायवाट होती तिच्या शेवटी, पाण्यापासून हातभर अंतरावर दत्तोबा बसले होते. दगडाला पाठ टेकून, पाय पसरून, विसाव्याला बसावं तसे. शेजारी शेरडी आडवी. वाडीतले आबाजी धोतराचा काचा मारून खाली निघाले होते, त्यांच्यामागे आणखी दोघं.

"उतरू नका!" मन्सूरभाई गाडी टाकूनच धावले. त्यांनी आबाजींना कमरेला धरून मागे ओढलं. दोघं मुरुमावर पडले.

"सोड रं! म्हातारं बसलंय नव्हं खाली!"

"बसलेलं नाही, आबाजी! गेलंय ते! जो उतरेल तो जाईल. वास नाही आला तरी जाईल!"

आबाजींनी त्यांना लाथ मारली, शिव्या दिल्या. मन्सूरभाईंनी सोडलं नाही. मी बाकीच्या दोघांसमोर हात पसरून उभा राहिलो. कौशल्याबाई काठावर बसून होत्या. त्या रडत नव्हत्या. त्यांची नजर मन्सूरभाईंवर होती.

"तुला ठावं व्हतं," त्या म्हणाल्या.

"मावशी, मी सांगितलं होतं..."

"मला सांगितलंस. कुत्रं आजारी पडलं म्हनलास. मानूस मरंल असं न्हाई म्हनलास. एवढं ठावं व्हतं तर गावात उभा ऱ्हाऊन मोठ्यानं का न्हाई बोल्लास?"

मन्सूरभाईंनी आबाजींची कंबर आणखी घट्ट धरली.

फायर ब्रिगेडची माणसं तोंडाला नळ्या लावून उतरली आणि दत्तोबांना वर आणलं. पोलिसांची गाडी मुरुमाच्या रस्त्यावरून येताना दिसली तेव्हा मी मन्सूरभाईंच्या कानाशी लागलो. "माझी शिफ्ट आहे तीनची."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "जा," म्हणाले.

मी माळ तुडवत कुंपणापर्यंत गेलो, तिथून रिक्षा केली. तीनला पाच मिनिटं असताना पंच केलं. त्या दिवशी प्रेसवर मी किती पार्ट काढले, चांगले का रिजेक्ट, मला सांगता येणार नाही.

मन्सूरभाईंनी तिथेच, खाणीच्या काठावर जबाब दिला. पिंपं कधीपासून आहेत, टँकर कुठल्या वारी येतात, पाखरं कधी मरायला लागली, कुत्रीला काय झालं. ठाण्याचे साहेब म्हणाले, "तुम्हाला एवढं कसं माहीत? तुम्ही इथे काय करत होता?" तेव्हा त्यांनी लपवलं नाही. गॅरेजात जाऊन जाळं आणलं आणि ठाण्यात साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

साहेबांनी ते उलगडून बघितलं. "हे एकट्याचं काम नाही. दुसरं टोक कोण धरायचं?"

"बाभळीला बांधायचो," मन्सूरभाई म्हणाले.

हे मला त्यांच्या आईनं सांगितलं, चार दिवसांनी ते जामिनावर सुटले तेव्हा. त्यांनी स्वतः कधी उल्लेख केला नाही. पाखरं धरल्याबद्दल त्यांच्यावर वनखात्याचा वेगळा गुन्हा दाखल झाला. दौलतरावांना अटक झाली आणि तेही जामिनावर सुटले. मन्सूरभाईंचा जाळ्यासकटचा फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला. खाली लिहिलेलं, ‘हाच तो शिकारी, यानेच पाण्यात विष कालवले’. गॅरेजसमोरची गर्दी आटली. कुणीतरी शेडच्या पत्र्यावर रात्रीतून दगड मारले. खातूनबी सकाळी ते दगड गोळा करून कडेला रचायच्या.

मी रविवारी जायचो, बाकड्यावर बसायचो. एकदा धीर करून म्हणालो, "मी येऊन सांगतो साहेबांना. बाभूळ नव्हती, मी होतो."

"आता नको." ते कार्बोरेटर पुसत होते. "मी खोटं बोललो हे कळलं, तर दौलतरावांचा वकील म्हणेल, हा माणूस जाळ्याबद्दल खोटं बोलतो, मग टँकरबद्दल कशावरून खरं बोलतो? मावशींची केस माझ्या जबाबावर उभी आहे. ते एक वाक्य माझ्या तोंडून गेलं, नवनाथ. त्याला आता इलाज नाही."

चैत्र संपता संपता, एका सकाळी मी फर्स्ट शिफ्टला निघालो होतो. कंपनीच्या गेटवर एक तरुण उभा होता. अंगात चांगले कपडे, हातात दोन चहा.

"नवनाथभाऊ ना? घ्या, चहा घ्या."

"तुम्ही कोण?"

"ओळख करून घ्यायलाच आलोय. मी सुजित. दौलतरावांकडे असतो." त्यानं मोबाइल काढला. तोच फोटो. पण हा अख्खा होता. डावीकडे मन्सूरभाई, मधे जाळं, उजवीकडे करड्या रंगाचा शर्ट, खिशावर आमच्या कंपनीचं नाव, आणि त्या शर्टात मी. "ठाण्याच्या साहेबांना आधी कापलेला पाठवला होता आम्ही. म्हटलं, दुसऱ्या माणसाचं कशाला वाटोळं करा. कोर्टात मन्सूरभाई म्हणणार, बाभूळ होती. मग आमचे वकीलसाहेब हा दाखवणार. तुम्हाला फक्त एक करायचंय, भाऊ. तुम्ही म्हणायचं, टँकर-बिंकर कधी बघितले नाहीत. मन्सूरनंच मासे मारायला खाणीत औषध टाकलं. बस. तुम्ही साक्षीदार, आरोपी नाही."

मी चहा घेतला नाही. आत गेलो, पंच केलं, आणि तासाभरात बरं वाटत नाही म्हणून बाहेर आलो. घरी गेलो. मुली शाळेत गेल्या होत्या. विजयश्रीला सगळं सांगितलं. माझ्या बायकोला तोवर एवढंच ठाऊक होतं की मन्सूरभाई माझे मित्र आहेत आणि ते अडचणीत आहेत. ती गॅस बंद करून माझ्यासमोर बसली.

"त्या मंगळवारी तुम्ही तिथे होतात," ती म्हणाली. "म्हातारा तिथे मरून पडला होता आणि तुम्ही कामाला गेलात."

"होय."

"मग आता कशाला बसलाय इथे?"

मी गॅरेजात गेलो. मन्सूरभाईंनी माझं ऐकलं, हात पुसले आणि शटर ओढलं. आम्ही दोघं आधी सरकारी वकिलांकडे गेलो. त्यांनी कपाळाला हात लावला. "हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर!" म्हणाले. पण मग त्यांनीच सांगितलं की समोरच्यानं कोर्टात उघडं पाडण्यापेक्षा आपण आधी उघड केलेलं बरं. संध्याकाळपर्यंत ठाण्यात आम्हा दोघांचे नवे जबाब झाले. मी माळावर काय केलं ते सांगितलं. पिंपं बघितली ते सांगितलं. दौलतराव गॅरेजात येऊन काय बोलले ते शब्दन् शब्द सांगितलं, आणि गेटवरचा चहाही. मंगळवारी पळून गेलो तेही. साहेबांनी लिहिता लिहिता मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुढे लिहायला लागले.

वनखात्याच्या गुन्ह्यात मी आता आरोपी नंबर दोन आहे. कंपनीनं मला घरी बसवलं. सध्या मी मोशीला एका छोट्या वर्कशॉपात लेथ चालवतो. कौशल्याबाई लेकीकडे राहायला गेल्या. वाडीच्या विहिरीवर पाणी पिऊ नये असा फलक लागलाय, आणि खाणीवर माती लोटलीय. मातीखाली काय आहे ते कुणी उपसलेलं नाही.

गेल्या पंधरवड्यात राजगुरुनगरच्या कोर्टात तारीख होती. मन्सूरभाईंची उलटतपासणी दोन तास चालली. "तुम्ही पोलिसांसमोर खोटं बोललात, हे खरं आहे?" दौलतरावांच्या वकिलांनी विचारलं.

"खरं आहे."

"सवयच आहे तुम्हाला."

"एकदा बोललो. मित्रासाठी बोललो. ते माझं मी परत घेतलं." मन्सूरभाई सावकाश बोलत होते. "आणि वीस-बावीस दिवस गप्प बसलो, ते मला परत घेता येत नाही."

मागच्या बाकावर कौशल्याबाई बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या मन्सूरभाईंशी अजून बोलत नाहीत, पण प्रत्येक तारखेला येतात. न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली. पुढच्या तारखेला माझी साक्ष आहे.

बाहेर चहाच्या गाडीपाशी दौलतराव उभे होते. पाच-सहा माणसं भोवती. मला बघून त्यांनी हात वर केला, जुन्या ओळखीच्या माणसाला करावा तसा. "या नवनाथभाऊ. पुढच्या वेळी तुमचा नंबर ना? मुली कुठल्या शाळेत आहेत तुमच्या?"

मन्सूरभाईंनी माझा दंड धरला आणि मला गाडीपर्यंत नेलं. "मागे बघू नकोस," म्हणाले.

मी मागे बसलो आणि आरशात बघत राहिलो. राजगुरुनगर सोडल्यापासून एक पांढरी गाडी आमच्या मागे होती. हायवेवर जागा असून ती पुढे जाईना, आम्ही हळू झालो तरी मागे पडेना. मन्सूरभाईंनी एकदाही वेग वाढवला नाही. चाकणच्या चौकात आम्ही तळेगाव रस्त्याला वळलो, तेव्हा तीही वळली.

वजनकाट्यापाशी आम्ही थांबलो. ती गाडी रस्त्याच्या पलीकडे, सावलीत उभी राहिली. काचा काळ्या होत्या, इंजिन चालू होतं. मन्सूरभाईंनी तिच्याकडे एकदा नीट बघितलं, नंबर कागदावर लिहून घेतला आणि कागद माझ्या खिशात ठेवला.

"घरी फोन कर," ते म्हणाले. "म्हणावं, आज मुलींना शाळेतून आईनंच आणायचं."

मी फोन लावला. त्यांनी शटर वर ढकललं. सकाळपासून एक स्कूटर दुरुस्तीला येऊन उभी होती, तिच्यापुढे पोतं टाकलं आणि रस्त्याकडे तोंड करून कामाला बसले.